बोट अकराची, ऊन बाराचं

मे महिन्यात कोकणात सुट्टीला गेलेल्या माणसाला उन्हाबद्दल दोन सल्ले मिळतात. एक घरून सोबत आलेला असतो: क्रीम लावल्याशिवाय वाळूवर पाय ठेवायचा नाही. दुसरा तिथल्या पडवीत मिळतो: आम्ही जन्मभर या उन्हात आहोत, आम्ही कधी काही लावलं नाही. मला दुसरा सल्ला जास्त शहाणपणाचा वाटत आला आहे. मात्र देणारे त्यातला महत्त्वाचा भाग सांगायला विसरतात, आणि ऐकणारे सोयीचं तेवढंच ऐकतात.

खालचे मामा-भाची कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे नाहीत. मामा निवृत्त शिक्षक, गणित आणि भूगोल शिकवायचे. मालवणजवळ देवबागला खाडी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घर. चार खोल्या पर्यटकांना देतात. भाची पुण्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन आदल्या रात्री पोचली आहे. सकाळचा चहा झाला आहे, मुलं समुद्रावर जायला उतावीळ आहेत आणि भाचीनं बॅगेतून ट्यूब काढून पडवीच्या कठड्यावर मांडल्या आहेत.

मामा : हे काय गो, दवाखाना उघडलास की काय?

भाची : सनस्क्रीन आहे, मामा. तीन ट्यूब.

मामा : तीन! आम्ही भावंडं याच वाळूत वाढलो. रापणीचं जाळं लागलं की शाळा बुडवून दोर ओढायला धावायचो. तुझी आईसुद्धा. कुणी काय लावलं अंगाला? खोबरेल, तेही डोक्याला. थंडीत टाचांना कोकमाचं भिरंडेल. बास.

भाची : आणि आईच्या गालांवरचे वांग?

मामा : ते तुझ्या वेळचे, बाळंतपणातले.

भाची : सुरुवात तिथं झाली असेल. गरोदरपणात वांग येतात, खरं आहे. पण ते टिकतात आणि दर उन्हाळ्यात गडद होतात ते उन्हानं. पंधरा वर्षं ती त्यांच्यावर औषधं लावतेय, आणि दरवर्षी मे महिन्यात इथं आठ दिवस येऊन सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून नेते.

मामा : बरं, बायकांच्या वांगाचं सोड. आपली कातडी मुळातच उन्हाची आहे. गोरे लोक दोन तासांत लालेलाल होतात, आपण होत नाही. देवानं आपल्याला कातडीतच छत्री दिलेली आहे.

भाची : दिलेली आहे, पण केवढी? अमेरिकेत १९७९ साली हे मोजलं होतं. काळ्या माणसाच्या कातडीचा वरचा थर जेवढं संरक्षण देतो ते एसपीएफच्या, म्हणजे क्रीमवरच्या आकड्याच्या, भाषेत साधारण १३, गोऱ्याचं ३ च्या थोडं वर. आपण मराठी माणसं यांच्या मधे कुठंतरी. तुझी छत्री खरी आहे, पण मे महिन्यातल्या दुपारी ती अपुरी पडते. आणि लाल झालेलं गोऱ्या कातडीवर लगेच दिसतं, आपल्यावर दिसत नाही म्हणून भाजलं नाही असं नसतं. रात्री पाठ टेकवत नाही तेव्हा कळतं. उन्हाचं भाजणं तीन-चार तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी पुरतं चढतं.

मामा : मग काय, कॅन्सर होणार मला?

भाची : ती भीती मी तुला घालणार नाही. आपल्या कातडीत उन्हामुळे होणारा कॅन्सर गोऱ्यांच्या मानानं खूपच कमी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडची गोष्ट वेगळी, जगात सगळ्यांत जास्त प्रमाण तिथं. मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मुलांनाही शाळेत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत, सावलीत बसवतात. इथं मी तुझ्या टोपीसाठी कॅन्सरचं नाव काढलं तर तो खोटेपणा होईल.

मामा : हे बरं झालं, कबूल केलंस. आता पुढचंही कबूल कर. तुम्ही शहरातली माणसं उन्हाला भीत नाही, काळं पडायला भिता. माझ्याकडे येणाऱ्या पोरी पाण्यात उतरायच्या आधी आरशात बघतात आणि बाहेर आल्यावर पुन्हा बघतात. लग्न ठरलेली असली तर विचारूच नको, आई किनाऱ्यावर छत्री घेऊन उभी.

भाची : (थोड्या वेळानं) हो. दुकानात सनस्क्रीन मागणारे बहुतेक त्यासाठीच मागतात. ‘टॅन जायला काही द्या’ म्हणणारे तर सुट्टी संपली की रांगेनं येतात.

इथं मला मामांच्या बाजूनं एक वाक्य घालायचं आहे. सावळेपणाची ही धास्ती औषधांच्या दुकानातून फार महाग पडते. गोरं होण्यासाठी म्हणून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टिरॉइडच्या मलमानं चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि मग साधं सकाळचं ऊनही चुरचुरतं. म्हणजे उन्हाच्या भीतीनं लावलेल्या वस्तूनंच ऊन सोसण्याची ताकद जाते. भाचीला हे मामांपेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून ती पुढं बोलते.

भाची : आणि घरगुती उपाय त्याहून भारी. काळेपणा जावा म्हणून लिंबू चोळतात आणि तसेच वाळूवर जातात. लिंबाच्या सालीतल्या रसायनावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात आणि त्याचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात. रापलेला रंग आपोआप उतरतो, मामा. वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते. त्यावर काही चोळायची गरज नसते. पण म्हणून क्रीम निरुपयोगी, असं होत नाही. माणसं चुकीच्या कारणानं लावतात, एवढंच.

मामा : कारण राहू दे, हिशेब करू. किती लावायचं असतं हे?

भाची : डब्यावरचा आकडा खरा ठरायचा तर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत तेवढं लावूनच मोजतात. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला साधारण तीस ग्रॅम. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढून.

मामा : ट्यूब केवढी?

भाची : पन्नास ग्रॅम.

मामा : किंमत?

भाची : साडेचारशे.

मामा : तुम्ही दोघं मोठे, साठ ग्रॅम. मुलं दोन, त्यांचे निम्मे धर, तीस. झाले नव्वद. म्हणजे एका वेळी दोन ट्यूब जवळजवळ संपल्या. पुन्हा कधी लावायचं?

भाची : दर दोन तासांनी. पाण्यातून बाहेर येऊन अंग पुसलं की पुन्हा.

मामा : म्हणजे तुझ्या तीन ट्यूब आज जेवणाच्या आत खलास. आठ दिवसांना किती लागतील, काढ बघू. माझ्या खोलीच्या भाड्यापेक्षा क्रीमचा खर्च जास्त! बये, कुणी लावतं का एवढं?

भाची : नाही लावत. बहुतेक जण त्याच्या पाव ते निम्मं लावतात. आणि थर निम्मा झाला की ५० चा आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. तसे आकडेही फसवे आहेत. १५ चं क्रीम नीट लावलं तर भाजणारे ९३ टक्के किरण अडतात, ३० चं ९७, ५० चं ९८. तीस आणि पन्नासमध्ये एका टक्क्याचा फरक. नीट लावलेलं तीस घाईत लावलेल्या पन्नासपेक्षा कितीतरी बरं.

मामा : मग माझं म्हणणं सिद्ध झालं. अंगभर कपडा घाला.

भाची : झालं. यात मी तुझ्याच बाजूची आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ साली एक जाहिरात काढली होती, त्यात एक समुद्रपक्षी गाणं म्हणत नाचायचा. त्यात तीन कामं सांगितली होती: आधी सदरा चढवा, मग क्रीम लावा, मग टोपी घाला. सदरा पहिला.

मामा : पक्ष्याला कळलं ते तुमच्या जाहिरातीतल्या नट्यांना कळत नाही.

भाची : पण कुठला सदरा ते ऐक. तू आता घातलायस तसा पातळ पांढरा सुती गंजीफ्रॉक असेल तर कोरडा असताना तो सात भागांतला एक भाग आत सोडतो. भिजला की तीन भागांतला एक. मुलं टी-शर्ट घालून पाण्यात खेळतात आणि आया निर्धास्त बसतात, तो टी-शर्ट जवळजवळ नसल्यात जमा. गडद रंगाचा, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा, भिजल्यावरही न ताणणारा कपडा हवा. पोहायचे तसले टी-शर्ट मिळतात, यूपीएफ, म्हणजे कपड्याचा एसपीएफ, ५० लिहिलेले. एक घेतला की तीन उन्हाळे जातो. मग क्रीम उरतं कशाला? चेहरा, कान, मान, हातांची मागची बाजू, पावलं. एवढ्याला तुझ्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी क्रीम पुरतं.

मामी : (आतून) घावणे थंड होतत. आधी खावा, मगे वाद घालूक बसा.

घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ येते, आणि पाचेक मिनिटं उन्हाचा विषय थांबतो. मामांचा भाचेजावई, म्हणजे भाचीचा नवरा, उजव्या हाताची बाही वर करून डाव्या हाताशी जुळवून बघतो. पुण्याहून गाडी त्यानंच चालवली. खिडकीची काच भाजणारे किरण अडवते, पण रंग गडद करणारे, सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण बाजूच्या साध्या काचेतून बरेचसे आत येतात. पुढची काच दुहेरी थराची असते, ती बहुतेक अडवते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून रोज लांबची गाडी चालवणाऱ्या माणसाचा उजवा हात आणि उजवा गाल निराळा ओळखू येतो.

मामा : (हात धुऊन येत) आता माझी पाळी. हे तुझं क्रीम पाण्यात उतरून जातं कुठं? सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. १९८७ पासून मालवणचं सागरी अभयारण्य आहे. लोक तिथंच तोंडाला नळी लावून मासे बघायला जातात. बाहेरच्या देशात यावर बंदी आहे म्हणे.

भाची : सगळ्या क्रीमवर नाही, काही रसायनांवर. पलाऊ बेटांवर २०२० पासून. हवाईनं २०१८ साली कायदा केला, २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीमं तिथं विकता येत नाहीत. मी आणलंय ते झिंक ऑक्साइडचं आहे, पांढरं दिसतं म्हणून मुलं कुरकुर करतात. पण खरं सांगू? प्रवाळांना सगळ्यांत मोठा त्रास समुद्र तापण्याचा आहे. त्यानंतर बोटींच्या नांगरांचा, आणि त्यांच्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांच्या पायांचा. क्रीमचा नंबर बराच खाली लागेल.

मामा : नांगराचं बरोबर आहे. ते मी बोटवाल्यांना शंभरदा सांगितलं.

भाची : पण पाण्याचा मुद्दा तू काढलास ते बरं झालं. पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन लागत नाही, असं सगळ्यांना वाटतं. अर्धा मीटर पाण्याखालीसुद्धा वरच्या अतिनील किरणांपैकी चाळीस टक्के पोचतात. कोरडी वाळू पंधरा टक्के परत फेकते, लाटांचा फेस पंचवीस. छत्रीखाली बसलेला माणूसही खालून थोडा भाजतोच. नळी लावून तरंगणाऱ्याचा चेहरा पाण्यात असतो आणि पाठ, मान, गुडघ्यांच्या मागची बाजू तासभर सूर्याकडे. तिथं क्रीम लावायचं कुणालाच आठवत नाही.

मामा : आणि तुझं ते ड जीवनसत्त्व? टीव्हीवर रोज सांगतात, सगळ्यांचं कमी आहे.

भाची : ऑफिसात बसणाऱ्यांचं कमी असतं, खरंय. पण त्यासाठी हातापायांवर थोडा वेळ ऊन पुरतं. एका मर्यादेनंतर कातडी नवं ड बनवत नाही, नुसती भाजते. वर्षभराचं ड मे महिन्यातल्या चार दिवसांत भरून घेता येत नाही. आणि पोराबाळांचं म्हणशील तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीमही नको आणि ऊनही नको, नुसती सावली. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायचं, त्या गोळीनं ऊन जास्त बाधतं. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससाठी देतात तीच गोळी.

मामा : हे सगळं ठीक. पण आमचं शास्त्र याहून सोपं आहे. भूगोलाच्या तासाला मी मुलांना मैदानात काठी उभी करायला लावायचो. मालवण सोळा अंश उत्तरेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी काठीला सावलीच पडत नाही. आणि ती वेळ बाराची नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण साडेत्र्याहत्तरवर. नऊ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, छत्तीस मिनिटं. म्हणून आपला सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमाराला.

भाची : अगदी बरोबर. आणि तुझ्या त्याच काठीवरून सोपा नियम निघतो. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन वाईट. सध्या इथं सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सावली आखूडच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत अतिनील निर्देशांक तीनवर पोचला की जपा म्हणतात, अकरा आणि त्यापुढं म्हणजे टोकाची पातळी. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी कोकणात तो तिथं जातो.

मामा : मग आम्ही काय निराळं करतो? रापण पहाटेची. मासे विकून नऊला घरी. दुपारी जेवून पडवीत आडवे, चारशिवाय कुणी बाहेर पडत नाही. तुमची क्रीमं घड्याळ नसलेल्यांसाठी आहेत. आम्ही काही लावलं नाही म्हणतो ना, ते यामुळं.

भाची : हेच! हेच तुम्ही पाहुण्यांना सांगत नाही. ‘आम्ही काही लावत नाही’ एवढंच सांगता. ‘आम्ही दुपारी बाहेर पडत नाही’ हे सांगत नाही. आणि मामा, तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर काय लिहिलंय?

मामा मागे वळून बघत नाहीत. पाटी त्यांनीच सुवाच्य अक्षरात रंगवलेली आहे: न्याहारी ९ ते १०. बोटीने सिंधुदुर्ग किल्ला ११. स्नॉर्केलिंग १२.३०. जेवण २.३०.

भाची : बोट अकराची. किल्ल्याच्या तटावर झाड नाही. बाराला खाली आणायचं आणि सूर्य बरोबर डोक्यावर असताना, तुझ्याच गणितानं साडेबाराला, पाण्यात सोडायचं. याच्यापेक्षा वाईट वेळापत्रक मुद्दाम ठरवूनही जमणार नाही.

मामा : पूर्वी साडेसहाची बोट होती. डॉल्फिन दिसतात तेव्हा. पण पाहुणे रात्री दोनपर्यंत वाळूवर बसतात, नऊशिवाय उठत नाहीत. रिकामी बोट किती दिवस सोडणार? बोटवाल्याला डिझेल परवडायला हवं. तुम्हाला सुट्टीत उशिरा उठायचं असतं, मग ऊन तुमच्या वाट्याला येणारच.

भाची : म्हणजे दोष माझ्या क्रीमचाही नाही आणि तुझ्या कातडीचाही नाही.

मामा : दोष तुझ्या नवऱ्याचा. काल रात्री दीड वाजता पत्ते कोण खेळत होतं?

भाची : तूही होतास.

वाद इथं मिटला असं म्हणता येत नाही. भाचीनं मुलांच्या कानांना आणि पावलांना क्रीम लावलंच, आणि मामांनी ते बघून मान हलवलीच. माझा कल उघड आहे. कोकणातल्या सुट्टीत माणसं भाजतात ती बहुतेक वेळा क्रीम विसरल्यामुळे नव्हे, तर उशिरा उठण्यामुळे आणि उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीनं आखलेल्या बोटींमुळे. क्रीम, कपडा, टोपी हे सगळं लागतंच, कारण पाण्यात सावली नसते आणि मुलं घड्याळ बघून बाहेर येत नाहीत. पण तासाचं गणित चुकलेलं असताना ट्यूबवर सगळा भार टाकला, तर मामांनी काढलेला हिशेब आडवा येतोच.

म्हणून एक विनंती खोल्या देणाऱ्यांना आणि एक तिथं जाणाऱ्यांना. ज्यांच्या अंगणात पाटी आहे त्यांनी पहिली बोट सकाळची ठेवावी, ती स्वस्त करावी, आणि अकराच्या बोटीवर निदान ताडपत्रीचं छत बांधावं. आणि जाणाऱ्यांनी खोली घेताना एसी चालतो का, मासे ताजे असतात का हे विचारावंच, त्यासोबत पहिली बोट किती वाजता सुटते हेही विचारावं. मे महिन्यात मालवणला सूर्य सहाच्या थोडं पुढं उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. सावली उंचीपेक्षा लांब असते असे सकाळी सुमारे सव्वातीन आणि संध्याकाळी तेवढेच तास हाताशी राहतात. पोहायला, किल्ला बघायला आणि मुलांना वाळूत लोळायला तेवढे पुरतात.